नवखा माणूस एकदाच मिळतो
समजा, रूममेट्समध्ये भाडं, किराणा आणि घरकाम वाटून घ्यायच्या वेब ॲपचा पहिला अनुभव तुम्हाला सुधारायचाय. चाचणीला किती जण घ्याल? नील्सन आणि लँडाउअर यांच्या १९९३ च्या मॉडेलनुसार, एका माणसाकडून सरासरी ३१ टक्के अडचणी कळत असतील तर पाच जणांत साधारण ८५ टक्के सापडतात. पण इथे गट दोन आहेत: घराचा ग्रुप तयार करणारा आणि लिंकवरून आत येणारा. पहिल्याला रिकामा स्क्रीन दिसतो, दुसऱ्याला थेट स्वतःच्या नावावरची उधारी! म्हणून दोन्हींतून तीन-चार जण घ्या. मात्र सगळे एकाच फेरीत संपवू नका. ॲप एकदा पाहिलेला माणूस पुन्हा नवखा होत नाही. केलेली दुरुस्ती तपासायला नवे लोक राखून ठेवाच.