होल्याला कुणी नेलं?

श्श! इकडे ये. पण जपून हं, पाय देऊ नकोस! आंब्याखाली काय पडलंय, दिसलं?

पिसं! ताटाएवढ्या जागेत गोल पसरलेली, मूठमूठभर पिसं. करडी, तपकिरी, काही गुलाबीसर. कालपर्यंत नाशिकच्या या आमच्या अंगणात एक होला दाणे टिपत होता. आज नुसती पिसं. होला कुठंय?

"मनीनेच खाल्ला!" शेजारच्या आजींनी निकाल देऊन टाकला. मनी त्यांचीच मांजर. ती भिंतीवर बसून मिशा पुसत होती.

आता मिशा पुसणं हा काय पुरावा झाला? मग मधल्या सुट्टीत तोंड पुसणारा सगळा वर्गच चोर!

आधी बघू, होला खरंच मेला का? कारण होल्याकडे एक भन्नाट युक्ती असते. ओळख बघू! तो घाबरला की शेपटीची पिसं सोडून देतो! पाल शेपूट टाकून पळते ना, अगदी तसं. शिकाऱ्याच्या तोंडात नुसती पिसं आणि होला भुर्र! मग नवी पिसं उगवतात. म्हणून अंगणात फक्त शेपटीची पिसं पडलेली असली, तर होला सुटलेलाही असू शकतो.

पण आपल्या ढिगात पंखांची लांब पिसं आहेत. छातीची कापसासारखी पिसंही आहेत. नाही रे, आपला होला काही सुटला नाही.

मग तो खिडकीवर आदळला का? काच बघ. होल्याच्या काही पिसांचा बारीक भुगा होत असतो, पावडरीसारखा. तो काचेवर जोरात आपटला की त्याचा पांढुरका ठसा उमटतो. पंख, डोकं, सगळं! कॅरमच्या पावडरीचा हात दप्तरावर उमटतो ना, तसा. आमच्या काचेवर धूळ भरपूर, पण ठसा नाही.

संक्रांत असती, तर मांजावर संशय घेतला असता. आपल्या जिल्ह्यातल्या येवल्याचे पतंग केवढे प्रसिद्ध! पण नायलॉनच्या मांजाने पक्ष्यांचे पंख कापले जातात. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 साली त्यावर बंदी घातली, तरी तो मिळतोच. मांजा मात्र पक्षी खात नाही. आपला होला तर कुणीतरी खाल्लाय!

आता खरी गंमत. काठीने एक लांब पीस बाजूला घे. (उघडा हात लावायचा नाही बरं का! लागलाच तर साबणाने खसखसून धू.) आता त्याच्या दांडीचं टोक बघ. जे अंगात रुतलेलं असतं ना, ते टोक.

अख्खं आहे! निमुळतं, गुळगुळीत, रिफिलच्या टोकासारखं. म्हणजे हे पीस कुणीतरी मुळासकट उपटलंय. आणि दांडीवर ती बारीक खूण दिसली? चोचीचा चिमटा!

आई भाजी करण्याआधी मेथी निवडते ना? तसा हा शिकारी जेवणाआधी पक्षी निवडतो! पीस चोचीत धरायचं, हिसका द्यायचा, फेकायचं. पुन्हा पुढचं पीस.

मांजराला एवढा धीर कुठला! तिला चोचही नाही. ती दातांनी करकचून चावते. मग दांडी मध्येच तुटते, टोक चघळलेल्या पेन्सिलीसारखं होतं आणि लाळेने पिसं एकमेकांना चिकटतात. मुंगसाचंही तसंच. धामण तर पिसांसकट गिळून टाकते, मागे ठेवते काय? काहीच नाही!

मग चोचवाला कोण? शिक्रा! छोटासा शिकारी पक्षी. चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम तुझ्या दप्तरातल्या मोठ्या पट्टीएवढा. राखाडी पाठ, छातीवर तांबूस आडव्या रेघा, नराचे डोळे लालभडक. नाशिकसारख्या शहरात तो बंगल्यांच्या बागांतून सरडे, चिमण्या, होले पकडत फिरतो.

तेवढ्यात तो दिसलाच! विजेच्या तारेवर. तीच राखाडी पाठ, तीच पट्ट्यांची शेपटी. "सापडला चोर!" मी ओरडलो.

चोराने चोच उघडली आणि म्हणाला, "पेरते व्हा! पेरते व्हा!"

फजिती! तो होता पावशा. बिचारा सुरवंट खातो! पण दिसतो हुबेहूब शिक्र्यासारखा, उडतोही तसाच. लहान पक्षी त्याला बघून घाबरतात. सातभाईंच्या घरट्यात गुपचूप अंडं घालणाऱ्याला हा वेश केवढा सोयीचा! सोंग घ्यावं तर पावशाने.

एवढंसं पीस बघून काय मिळतं, असं कुणी विचारलं तर सलीम अलींची गोष्ट सांग. 1896 साली मुंबईत जन्मलेला हा मुलगा. लहानपणी त्याने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका! ही कुठली चिमणी? ते विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तिथल्या मिलार्डसाहेबांनी नाव सांगितलं, पीतकंठी चिमणी, आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खणच्या खण उघडून दाखवले. पुढे तो भारतातला सर्वांत मोठा पक्षितज्ज्ञ झाला.

थांब, आपला ढीग अजून संपला नाही! सगळ्यात वर तीन पिसं आहेत. चघळलेली, एकमेकांना चिकटलेली. ओळखलंस?

शिक्रा जेवून उडाला आणि मग उरलंसुरलं खायला मनी आली. मनीने होल्याला मारलं नाही, फक्त उष्टं खाल्लं! मी आजींना तसं सांगून आलो. मिशांचा उलगडा झाला एकदाचा.

चौथ्या दिवशी पिसं निम्मीच उरली होती. एक चिमणी येऊन त्यातलं छातीचं मऊ पीस निवडून घेत होती. मीटरच्या पेटीमागे तिचं घरटं आहे. तिथे ती पिसं अंथरते.