बॉनेटखालचा मूळ डबा

जुन्या स्पोर्ट्‌स कारचं बॉनेट उघडलं की जाणकाराची नजर आधी इंजिन नंबरच्या पट्टीकडे जाते, मग कार्बोरेटरकडे. एअर क्लिनर, म्हणजे आपल्या गॅरेजांतला ‘हवेचा फिल्टर’, बहुतेक वेळा बघायचाच राहतो. पण गाडीचं मूळ रूप तपासायचं असेल तर मी सुरुवात तिथूनच करायला सांगेन. कारण साधं आहे. इंजिन टाकून देताना माणूस दहादा विचार करतो, फिल्टरचा पत्र्याचा डबा मात्र सर्व्हिसिंगच्या दिवशीच भंगारात जातो आणि त्याच्या जागी दुकानात मिळेल ते चकचकीत काहीतरी बसतं.

उदाहरण म्हणून इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या एमजी गाड्या घेऊ. एका कारखान्यातून बाहेर पडलेल्या या गाड्यांत हवा गाळण्याच्या दोन पिढ्या एकापाठोपाठ दिसतात.

त्याआधी प्रकार ओळखून घेऊ. सर्वांत साधा प्रकार म्हणजे फिल्टरच नाही: कार्बोरेटरच्या तोंडाला नुसता कर्णा, फार तर त्यावर जाळी. शर्यतीच्या गाड्यांत हेच असे. दुसरा, तेलानं ओल्या केलेल्या तारेच्या गुंत्याचा. हवा त्यातून वळणं घेत जाते आणि धूळ तेलाला चिकटते. तिसरा ऑइल बाथ. आत येणारी हवा डब्याच्या तळाशी साठवलेल्या तेलावर आपटून एकदम वर वळते, जड धूळ तेलातच राहते आणि उरलीसुरली वरच्या जाळीत अडकते. हा प्रकार महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही, कारण जुन्या ट्रॅक्टरवर तोच असतो. आपल्या अ‍ॅम्बॅसडरवरही तोच होता. चौथा, घडीदार कागदाचा. हा 1950च्या दशकात पसरू लागला आणि पुढच्या दशकात त्यानं बाकीच्यांना जवळजवळ हुसकावून लावलं.

आता एमजीए. 1955 ते 1962 या काळात 1,01,081 गाड्या बनल्या आणि त्यांतल्या जेमतेम 5,869 इंग्लंडात विकल्या गेल्या. बाकी सगळ्या परदेशी गेल्या, मुख्यतः अमेरिकेला. साध्या एमजीएच्या दोन एसयू कार्बोरेटरांवर दोन चपटे गोल फिल्टर असत, आत तारेची जाळी, बनवणारी कंपनी व्होक्स. हे नाव विमानांच्या इतिहासात रस असलेल्यांना ओळखीचं वाटेल. 1942 साली माल्टात आणि उत्तर आफ्रिकेत उतरलेल्या स्पिटफायर विमानांच्या नाकाखाली जो बेढब फुगवटा दिसतो, तो याच कंपनीचा वाळू अडवणारा फिल्टर. त्यानं इंजिन वाचलं, पण विमानाचा वेग घटला. शेवटी इजिप्तमधल्या अबुकीरच्या ब्रिटिश कार्यशाळेनं स्वतःचा आटोपशीर फिल्टर तयार केला. हवा गाळायची तर तिच्या वाटेत काहीतरी आडवं घालावंच लागतं, आणि त्याची किंमत इंजिन मोजतं. गाडीतही हिशेब हाच, फक्त आकडे लहान.

एमजीएचे हे दोन फिल्टर वरवर जुळे दिसतात, पण ते सारखे नसतात. रॉकर कव्हरमधून निघणारी वाफ एका नळीनं पुढच्या फिल्टरात सोडलेली असते, म्हणून पुढच्याला छोटी नळी फुटलेली दिसते आणि मागच्याला नसते. दोन्ही फिल्टर बिननळीचे असतील, किंवा नळी मागच्यावर असेल, तर जोडी कुठून तरी जमवली आहे असं समजायला हरकत नाही.

1962 साली एमजीबी आली आणि जाळी गेली. आता पत्र्याचे दोन मोठे डबे, प्रत्येकाला हवा घेणारं एक तोंड, आत बदलता येणारा कागदी फिल्टर. सुरुवातीच्या 18जी इंजिनांवर रॉकर कव्हरची नळी अजून पुढच्या डब्यातच जाते. 1964 मध्ये 18जीए इंजिन आलं, क्रँककेसमधली वाफ झडपेतून थेट मॅनिफोल्डमध्ये जाऊ लागली आणि डब्यावरच्या त्या नळीचं काम संपलं. त्यामुळे 1963ची म्हणून विकायला काढलेली गाडी आणि पुढचा डबा बिननळीचा, असं दिसलं तर विक्रेत्याला प्रश्न विचारायलाच हवा. डबा बदलला आहे की इंजिनच? इंजिन नंबरच्या सुरुवातीची अक्षरं आणि ही बोटभर नळी एकमेकांशी जुळलीच पाहिजेत.

1973 ते 1976 मधल्या एमजीबी जीटी व्ही-8च्या 2,591 गाड्यांची ओळख आणखी सोपी. बॉनेट उंच करायचं नव्हतं म्हणून कार्बोरेटर इंजिनच्या मागच्या अंगाला नेले आणि हवेची लांब नळकांडी पुढे काढली. त्यांच्यात थंडीत एक्झॉस्टजवळची गरम हवा ओढणारी झडप आहे. ही रचना उघड्या कोन-फिल्टरनं बदललेली असेल तर ते दारातूनच कळतं.

बाजारात मिळणाऱ्या उघड्या फिल्टरांबद्दल माझं मत कडक आहे. तेल लावलेल्या सुती कापडाचे फिल्टर लोकप्रिय करणारी के अँड एन ही कंपनीच मुळी 1969 साली कॅलिफोर्नियात सुरू झाली. 1965च्या गाडीवर तिचा फिल्टर असेल तर तो नंतरचा, यावर वाद नको. फिल्टर वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण एसयू कार्बोरेटरची सुई मूळ डब्यातून येणाऱ्या हवेच्या हिशेबानं निवडलेली असते. वाट मोकळी केली आणि सुई तीच ठेवली तर मिश्रणात पेट्रोल कमी पडू शकतं. शिवाय फिल्टर जिथे आवळतात त्या सपाट तोंडावर बारीक भोकं असतात. त्यांतून कार्बोरेटरमधल्या पिस्टनच्या खालच्या बाजूला बाहेरची हवा पोचते. गॅस्केट उलटं बसलं की ती बुजतात, पिस्टन नीट उचलला जात नाही आणि मालक महिनाभर इग्निशन तपासत बसतो.

उलट दिशेनंही फसगत होते. 1955-56 मधल्या ऑस्टिन-हीली 100एमच्या कार्बोरेटरांवर थंड हवेची पेटी असे. ती पाहून ‘खरी 100एम’ म्हणायची घाई करू नये. कारखान्यातून अशा 640 गाड्या निघाल्या खऱ्या, पण तोच संच मालकांनाही स्वतंत्र विकत मिळत होता. अमेरिकेत 1967च्या 427 इंजिनाच्या, तीन कार्बोरेटरवाल्या कॉर्व्हेटवरचा त्रिकोणी एअर क्लिनर इतका प्रसिद्ध झाला की त्याच्या नकला सर्रास मिळतात. सुटा भाग विकत घेता येतो, म्हणून एकट्या भागावरून निकाल देऊ नये.

मग निकाल द्यायचा कसा? गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून मिळणाऱ्या हेरिटेज प्रमाणपत्रात गाडीची उत्पादन-तारीख, इंजिन नंबर, रंग आणि ती कुठल्या देशात पाठवली हे कळतं. फिल्टरचा प्रकार त्यात शोधू नये. तो त्या काळच्या पार्ट्‌स लिस्टमध्ये, गाडीच्या नंबरांच्या टप्प्यांसह सापडतो. प्रमाणपत्र, पार्ट्‌स लिस्ट आणि प्रत्यक्ष डबा, तिन्ही शेजारी ठेवून बघावं. विक्रेत्याच्या जाहिरातीतला ‘ओरिजिनल’ हा शब्द यात मोजू नये.

ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांना एक विनंती. हवा तो फिल्टर लावा, पण जुना डबा गंजका, चेपका, बिनझाकणाचा असला तरी फेकू नका. त्यावर गाडीचा नंबर लिहिलेली चिठ्ठी बांधा आणि गाडी विकाल तेव्हा तो डबाही सोबत द्या.