मजुरीवरील कर आणि परहस्ते कारभार

शेतावर मजूर लावणे ही एक गोष्ट, आणि त्यांच्या मजुरीचा सरकारदरबारी हिशेब देणे ही अगदी निराळी गोष्ट होय. अमेरिकेतील शेतकऱ्यास या दुसऱ्या कामाचा जाच फार होतो. म्हणून पैसे देऊन तो ते दुसऱ्यावर सोपवितो. परंतु काम सोपविले म्हणजे जबाबदारीही गेली काय? ऊसतोडीचे मजूर मुकादमामार्फत येताना नित्य पाहणाऱ्या आमच्या वाचकांस हा प्रश्न परका वाटू नये.

प्रथम कर कोणता ते पाहू. वृद्धापकाळच्या निर्वाहवेतनासाठी शेकडा ६.२ व वृद्धांच्या औषधोपचारासाठी शेकडा १.४५ मिळून शेकडा ७.६५ मजुराच्या मजुरीतून कापावयाचे, आणि तितकेच मालकाने पदरचे घालावयाचे. नियमित कामावरील शेतमजूर या योजनेत १९५१ पासून आले. प्राप्तीवरील कर मजुरीतूनच कापून ठेवण्याची सक्ती शेतीस १९९० पासून लागली. वर्षातून एका मजुरास १५० डॉलर रोख दिले, अथवा सर्वांची मजुरी २,५०० डॉलरवर गेली, की सामान्यतः शेतकरी या कायद्याच्या कक्षेत येतो. ४०,००० डॉलर मजुरी वाटणाऱ्यास प्राप्तीवरील कर सोडूनच ६,१२० डॉलर भरावे लागतात.

यातील मजुराकडून कापलेला भाग मालकाचा नव्हेच. तो सरकारची ठेव म्हणून त्याच्या हाती असतो. ही ठेव जाणूनबुजून न भरल्यास, भरण्याचा अधिकार ज्याच्या हाती होता त्या व्यक्तीवर तितक्याच रकमेचा दंड बसविता येतो, आणि तो वसूल करण्यास कंपनीचा पडदा आड येत नाही.

आता पगारपत्रके सांभाळणाऱ्या कंपनीची गोष्ट घ्या. ती शेतकऱ्याच्या खात्यातून मजुरी व कर दोन्ही उचलते, मजुरी वाटते व कर भरते. निदान भरला असे कळविते. तिने तो गिळंकृत केला तर करखाते शेतकऱ्याच्याच दारी येते. ‘मी पैसे दिले होते’ हे उत्तर तेथे चालत नाही. ६,१२० डॉलर पुन्हा भरावे लागतात, वर व्याज. २०१९ साली न्यूयॉर्क संस्थानातील अशी एक कंपनी एकाएकी बुडाली, तेव्हा हजारो लहान धंदेवाल्यांच्या नोकरांचे पगार अडकले, आणि काहींच्या खात्यांत जमा झालेले पैसेही परत ओढले गेले. म्हणूनच पत्रव्यवहारासाठी कंपनीचा पत्ता न देता स्वतःचाच ठेवावा, आणि भरणा झाला की नाही हे सरकारी खात्यावर स्वतः पाहावे, असे तेथील करखाते सांगते. आमच्या मते ही दोन कामे आळसाने टाळणाऱ्या शेतकऱ्याने कंपनीस बोल लावण्यापूर्वी थोडे थांबावे.

करखात्याच्या संमतीने रीतसर मुखत्यार नेमता येतो. परंतु तेथे मुखत्यार व मालक दोघेही बांधलेले राहतात. खरी सुटका २०१४ च्या कायद्याने झाली. त्या अन्वये सरकारने प्रमाणित केलेल्या नोकरव्यवस्थापक कंपनीने कामगारांस स्वतः वेतन दिले, तर त्या वेतनावरील कराची जबाबदारी एकट्या तिचीच. यासाठी तिला किमान ५०,००० व कमाल १०,००,००० डॉलरचा जामीनरोखा द्यावा लागतो. मात्र कंपनी प्रमाणित आहे हे तिच्या तोंडून ऐकून भागत नाही. करखात्याची यादीच पाहावी लागते.

शेतीपुरता याहून जुना अपवाद मुकादमाचा आहे. १९५६ च्या दुरुस्तीने असे ठरले की, जो मनुष्य दुसऱ्याच्या शेतावर मजूर पुरवितो व त्यांना मजुरीही स्वतः देतो, तोच या करापुरता त्यांचा मालक. मग तो पैसा मूळचा शेतकऱ्याचा का असेना. येथे शेतकरी दोन ठिकाणी फसतो. मुकादम आपला नोकर आहे असा लेखी करार त्याने केला असेल, तर मालकी शेतकऱ्याकडे परत येते. आणि मुकादमावर विश्वास नाही म्हणून मजुरांच्या हातावर त्याने स्वतः मजुरी ठेवली, तर त्या सावधगिरीनेच तो मालक ठरू शकतो! शिवाय हा निवाडा करापुरताच. मुकादमाने मजुरी बुडविल्यास १९८३ च्या स्थलांतरित शेतमजुरांच्या कायद्यान्वये शेतकऱ्यासही सहमालक ठरविता येते.

आपल्याकडे १९५२ च्या भविष्यनिर्वाह निधीच्या कायद्याने वाट उलट धरली. कंत्राटदारामार्फत आलेल्या कामगारांची वर्गणी भरण्याचा भार मूळ मालकावर टाकला, आणि ती कंत्राटदाराकडून वसूल करण्याचा हक्क त्यास दिला. सहकारी कारखान्यांच्या व दूधसंघांच्या सभासदांनी कंत्राटाच्या बिलाबरोबर वर्गणी भरल्याची पावती मागितली जाते की नाही, हे वार्षिक सभेत विचारण्यास हरकत नाही. अमेरिकेतील शेतकऱ्यास तर मुकादमाचे नाव, कायमचा पत्ता व करखात्याने त्यास दिलेला क्रमांक या तीन गोष्टी वहीत टिपून ठेवाव्या लागतात.