बॅटरी गेली की तार सैल?

पहाटे माल भरून ट्रक उभा आहे. चावी फिरवली. ‘टक्’ आवाज झाला, पण इंजिन काही चालू होईना. लगेच कोणीतरी म्हणतो, “बॅटरी गेली!” जरा थांबा. नवी बॅटरी काही स्वस्त येत नाही. आधी पुढचे मोठे दिवे लावा, मग चावी फिरवा. दिवे एकदम मंदावले, तर बॅटरी उतरली आहे, नाहीतर तिची जोडणी खराब आहे. दिवे लख्खच राहिले, तर दोष बहुधा स्टार्टरकडे.

जुन्या ट्रकात जोडणीच जास्त दगा देते. वीज दिव्यापर्यंत तारेतून जाते आणि चासीच्या लोखंडातून परत येते. बॅटरीची जी तार चासीला बांधतात, तिला अर्थ म्हणतात. तिथे गंज चढला की विजेची वाट अडते. ब्रेक दाबल्यावर भलताच दिवा मिणमिणला, तर त्या दिव्याचा अर्थ तपासा. बॅटरीची अर्थची तार सोडा, मग गंज घासून काढा, बोल्ट घट्ट आवळा. बॅटरीजवळ विडी मात्र नको. तिच्यातून निघणारा वायू पेट घेतो, बरे का!

फ्यूज उडाला, की जाड तार घालणारे बहाद्दर पुष्कळ. मग फ्यूज राहतो बाजूला, वायरिंगच जळते, कधी सबंध ट्रक. तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज घाला. तोही उडाला, तर चासीच्या भोकापाशी तार घासली आहे का, ते बघा.