थापीआधी करार

श्टुटगार्ट : जर्मनीत गवंडी व्हायला निघालेल्या मुलाच्या हातात थापीआधी करार पडतो. त्यावर बांधकाम कंपनीची सही, मुलाची सही आणि कारागिरांच्या चेंबरमध्ये नोंद. शिक्षण तीन वर्षांचं. पहिल्याच वर्षी दरमहा हजार युरोंच्या आसपास विद्यावेतन मिळतं. घरभाडं आणि जेवणखाण त्यातूनच भागवायचं.

महामार्गावरून मालवणचा रस्ता फुटतो त्या कसालमध्ये ही सुरुवात वेगळी असते. मुलगा आधी बिगारी म्हणून चिरे वाहतो, माल कालवतो. गवंड्याच्या मनात आलं तर कधीतरी ओळंबा धरायला मिळतो. सिंधुदुर्गातले उत्तम गवंडी असेच तयार झाले. पण त्यांच्या कसबाचा कागद कुणाकडेच नाही, आणि परदेशात पहिला प्रश्न कागदाचाच येतो.

हा प्रश्न आता कोकणच्या दारात आहे. श्टुटगार्ट ही ज्या राज्याची राजधानी, त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गशी महाराष्ट्र सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्यात पुढाकार होता तो तेव्हाचे शालेय शिक्षणमंत्री आणि सावंतवाडीचे आमदार दीपक केसरकर यांचा. सुरुवातीचं लक्ष्य दहा हजार तरुणांचं होतं.

इथली, म्हणजे जर्मनीतली, पद्धत १९६९ च्या व्यवसायशिक्षण कायद्यावर उभी आहे. काही दिवस शाळेत, काही प्रशिक्षण केंद्रात, बाकी प्रत्यक्ष साइटवर. पहिल्या वर्षी गवंडीकामाबरोबर सुतारकाम, काँक्रीट यांचीही ओळख होते, म्हणून पुढे साइटवर शेजारचा कारागीर काय करतोय हे प्रत्येकाला कळतं. आपल्या आयटीआयतला गवंडीकामाचा अभ्यासक्रम एका वर्षाचा आहे. इथल्या तीन वर्षांपुढे तो तोकडा ठरतो.

कसबाला किती किंमत द्यायची, यावर हा देशही एकदा चुकला. २००४ मध्ये फरशी बसवण्यासह अनेक कामांत स्वतःचा धंदा उघडायला लागणारी ‘माइस्टर’ पदवीची अट काढली गेली. २०२० मध्ये फरशीकामासह बारा व्यवसायांना ती पुन्हा लागू झाली.

पण सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट पैशाची आहे. बांधकाम कंपन्या पगाराच्या प्रमाणात ‘सोका-बाउ’ या सामाईक निधीत वर्गणी भरतात. शिकाऊ न ठेवणाऱ्यालाही ती चुकत नाही, आणि जो शिकवतो त्याचा बराच खर्च त्या निधीतून परत मिळतो. शिकवणाऱ्याला तोटा नाही, म्हणून शिकवणारे टिकून आहेत.

महाराष्ट्रातही १९९६ च्या कायद्यानं आलेला, बांधकाम खर्चावरचा एक टक्का उपकर घेतला जातो. त्यातून कामगारांना सुरक्षा संच, गृहोपयोगी भांडी, मुलांना शिष्यवृत्त्या मिळतात. ते हवंच. मात्र याच पैशातून शिकाऊ मुलाचं विद्यावेतन आणि त्याला शिकवणाऱ्या गवंड्याचं मानधन दिलं, तर कसालच्या मुलाला शिकण्यासाठी श्टुटगार्ट गाठावं लागणार नाही.

ज्यांना तरीही यायचंय, त्यांनी आधी जर्मन शिकावी. या शिक्षणाच्या व्हिसासाठी साधारणपणे ‘बी-१’ पातळी लागते. कंपनीचा सही झालेला करार स्वतः वाचल्याशिवाय कुठल्याही एजंटाला पैसे देऊ नयेत.