मुल्हेरची धार आणि माचीवरचे पाणी

नाशिक जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर, सटाणा ज्याचे मुख्य ठाणे आहे त्या बागलाण तालुक्यात, सह्याद्रीचा मुख्य कणा सोडून पूर्वेकडे निघालेल्या सेलबारी आणि डोलबारी या दोन डोंगररांगा समोरासमोर उभ्या असून त्यांच्यामधून मोसम नदी वाहते. सेलबारीवर मांगी-तुंगीचे सुळके आहेत, तर डोलबारीवर साल्हेर, सालोटा, हरगड, मुल्हेर आणि मोरा ही दुर्गांची माळ आहे. साल्हेर १,५६७ मीटर उंचीचा, महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ला. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या बारा मराठा दुर्गांमध्येही त्याचे नाव आहे, आणि म्हणून बाहेरगावचा गिर्यारोहक सटाण्याहून ताहाराबाद ओलांडताच बहुधा त्याच्याच ओढीने पुढे निघून जातो. वाटेवरचा मुल्हेर उंचीने सुमारे १,३०० मीटर, म्हणजे त्या मानाने बेताचा. परंतु डोंगर, पाणी आणि माणूस यांचे नाते चढता चढता समजून घ्यायचे असेल, तर बागलाणात मुल्हेरइतका बोलका डोंगर दुसरा नाही.

इतिहास थोडक्यात सांगायचा तर, मयूरगिरी या नावाने ओळखला जाणारा हा गड बागूल राजांची राजधानी होता. त्यांच्या वंशाचा वृत्तान्त रुद्रकवीने १५९६ मध्ये संस्कृत काव्यात ग्रथित केला. १६३८ मध्ये औरंगजेबाने बागलाण जिंकले. १६७२ च्या साल्हेरच्या लढाईनंतर मुल्हेरही मराठ्यांकडे आला आणि १८१८ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेला.

चढाईचे स्वरूप मात्र या राजवटींपेक्षा फार जुन्या घडामोडींनी ठरवले आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरून दख्खनचा बसाल्ट तयार झाला. त्यातील घट्ट थर झिजताना उभे कडे बनतात आणि सच्छिद्र, मऊ थर उताराच्या रूपाने मागे सरतात, त्यामुळे सह्याद्रीच्या या भागातील डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. दोन कड्यांमध्ये सुटलेल्या रुंद सपाटीला माची आणि सर्वांत वरच्या कड्यामागच्या माथ्याला बालेकिल्ला म्हणतात. मुल्हेर गावातून निघालेली वाट प्रथम शेतांमधून, मग झाडीतून आणि दरवाजांच्या अवशेषांतून माचीवर येते. तेथून बालेकिल्ल्याचा कातळ इतका सरळ उभा दिसतो की नवख्याला वर वाट असेल यावर विश्वास बसत नाही, आणि ती असते ती घळीत, म्हणजे कडा चिरून पाण्याने पाडलेल्या अरुंद खाचेत.

परंतु घळीकडे धाव घेण्याची घाई करू नये, कारण मुल्हेरचे खरे वैभव माचीवर आहे. कोरीव खांबांचे गणेशमंदिर आणि त्याच्यासमोरचा तलाव, पुढे झाडीत सोमेश्वराचे देऊळ आणि मोती तलाव, एवढ्या उंचीवर एवढे पाणी कसे साठते, असा प्रश्न येथे पडलाच पाहिजे. माचीची सपाटी वरच्या कड्यावरून ओघळणारे पावसाचे पाणी अडवून धरते, खालचा घट्ट थर ते सहजी मुरू देत नाही, आणि जेथे उतार पाणी पळवू पाहतो तेथे माणसाने दगडी बांध घालून त्याला थांबवले आहे. बालेकिल्ल्यावर हेच काम टाक्यांनी केले. टाके म्हणजे अखंड कातळात खोदलेले कुंड. त्यातून निघालेला दगड बांधकामास मिळे आणि झालेला खड्डा वर्षभराची तहान भागवी. वेढ्यात गड किती दिवस तग धरील हे तोफांइतकेच या टाक्यांवर ठरत असे, आणि तरीही दुर्गांवरील बहुतेक लिखाणात त्यांना एखाद्या ओळीपलीकडे जागा मिळत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

हीच जाण डोंगराखालीही आढळते. मोसम, आरम आणि पांझरा या नद्यांवर फड पद्धती शेकडो वर्षे चालत आली: नदीवर बंधारा घालून कालवा काढायचा, लाभक्षेत्राचे फड म्हणजे विभाग पाडायचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे आणि पाटकऱ्याने, म्हणजे पाणी सोडणाऱ्या गावच्या माणसाने, पाण्याची पाळी सांभाळायची. आज मोसमवर हरणबारीचे धरण आहे, आणि बालेकिल्ल्याच्या काठावर उभे राहिले असता त्याचा जलाशय स्पष्ट दिसतो.

बालेकिल्ल्यावरील वाड्यांचे चौथरे आणि भडंगनाथाचे मंदिर मागे टाकून मोऱ्याकडे निघाले, की धारेची, म्हणजे दोन्ही अंगांनी तुटलेल्या अरुंद डोंगरकण्याची, वाट सुरू होते. खिंडीत उतरताना घसारा, म्हणजे पायाखालून सरकणारी सुटी खडी, चांगल्या चालणाऱ्यालाही सावध करते. समोर मोऱ्याच्या कातळात खोदलेल्या पायऱ्या दिसू लागतात. साल्हेरच्या माथ्यावरून मुलूख मोठा दिसतो हे खरे, पण मुलूख समजतो तो या धारेवरून, कारण एका बाजूला राजधानीची माची आणि दुसऱ्या बाजूला तिला पोसणारे खोरे एकाच वेळी नजरेत येते.

चढाईस पावसाळा सरल्यानंतरचे दिवस उत्तम. तेव्हा तलाव भरलेले आणि कातळ कोरडा असतो. शिवाय कोजागरी पौर्णिमेला मुल्हेर गावात उद्धव महाराजांच्या परंपरेतील रासक्रीडेचा उत्सव रात्रभर रंगतो, तो गडाइतकाच पाहण्यासारखा आहे. जाणाऱ्याने धारेवर स्थानिक वाटाड्या सोबत घ्यावा, मोऱ्याची वाट भर दुपारी धरू नये, आणि तलावांत वा टाक्यांत निर्माल्य, साबण किंवा प्लास्टिक जाऊ देऊ नये. गडावर राहणाऱ्या-चढणाऱ्यांना आजही तेच पाणी प्यावे लागते.