खताची गोणी कोणाच्या सल्ल्याने?
छोट्या शेतकऱ्याचा आणि खत-दुकानदाराचा हिशेब

राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरा हे ऊसपट्ट्यातले गाव. गावाला नगरपरिषद आहे, बाजारपेठ आहे. पण बाजारपेठ चालते ती शेतीवरच. १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणामुळे प्रवरेच्या काठी कालव्याचे पाणी आले, पाण्यामागून ऊस आला आणि उसामागून रासायनिक खत आले. याच तालुक्यात १९६८ साली स्थापन झालेले महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. म्हणजे पाणी, पीक, बाजार आणि विद्या, चारही गोष्टी एकाच तालुक्यात आहेत. तरीसुद्धा दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्याला "यंदा खत कोणते टाकणार?" असे विचारा. बहुतेक वेळा उत्तर येते, "दुकानदार देईल ते."

हे उत्तर शेतकऱ्याला किती रुपयांना पडते, हे समजून घेण्यासारखे आहे.

सल्ला येतो कोठून?

शेतकऱ्यापर्यंत शास्त्रीय माहिती पोहोचविण्याच्या कामाला कृषी विस्तार म्हणतात. यासाठी सरकारने प्रयत्न केले नाहीत असे नाही. १९७० च्या दशकात डॅनियल बेनॉर या तज्ज्ञाच्या कल्पनेवर आधारलेली 'प्रशिक्षण व भेट' योजना जागतिक बँकेच्या साहाय्याने देशात सुरू झाली. ठरलेल्या दिवशी कर्मचाऱ्याने गावात यायचे, निवडक शेतकऱ्यांना माहिती द्यायची आणि त्यांनी ती इतरांना सांगायची, अशी ती पद्धत होती. बँकेचा पैसा थांबला तशी ती मंदावली. पुढे १९९८ साली सात राज्यांतील २८ जिल्ह्यांत 'आत्मा' हा नवा प्रयोग सुरू झाला. त्यात महाराष्ट्रातील चार जिल्हे होते आणि त्यांपैकी एक अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) होता. २००४ साली किसान कॉल सेंटर आले.

एवढे असूनही २००३ सालच्या राष्ट्रीय नमुना पाहणीत काय दिसले? देशातील शंभर शेतकरी कुटुंबांपैकी सुमारे चाळीस कुटुंबांनाच कोठून तरी आधुनिक शेतीची माहिती मिळत होती. दुसऱ्या प्रगतिशील शेतकऱ्याकडून माहिती घेणारे १६.७ टक्के, बी-बियाणे व खते विकणाऱ्यांकडून घेणारे १३.१ टक्के, आणि सरकारी विस्तार कर्मचाऱ्याकडून घेणारे अवघे ५.७ टक्के! थोडक्यात, विस्ताराचे काम शेजारचा शेतकरी आणि दुकानदार हेच करीत होते. यात दुकानदाराचा दोष नाही. तो जवळ आहे, दुकान रोज उघडे आहे आणि तो उधार देतो. परंतु ज्याला माल विकायचा आहे त्याच्याच सल्ल्यावर खर्च ठरवायचा, हा व्यवहार कोणताही शहाणा व्यापारी आपल्या धंद्यात करणार नाही.

गोणी वाचायला शिका

खताच्या गोणीत सगळेच अन्न नसते. पिकाला लागणारी मुख्य अन्नद्रव्ये तीन: नत्र, स्फुरद आणि पालाश. गोणीवरचे आकडे शंभर किलो खतात ही द्रव्ये किती किलो आहेत ते सांगतात. युरियात ४६ टक्के नत्र असते. डीएपीत १८ टक्के नत्र व ४६ टक्के स्फुरद, सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरद, तर म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ६० टक्के पालाश असते. १०:२६:२६ या मिश्र खताचे नावच त्याचा हिशेब सांगते.

आता भाव काढू. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीची कमाल किंमत रु. २६६.५० आहे. तीत २०.७ किलो नत्र असते, म्हणजे नत्र सुमारे १३ रुपये किलो पडले. डीएपीची ५० किलोची गोणी अलीकडच्या हंगामांत रु. १,३५० ला मिळते. तीत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद. नत्राचे साधारण ११६ रुपये वजा केले तर स्फुरद किलोला जवळजवळ ५४ रुपये पडते. म्हणजे नत्राच्या चौपट!

युरियाचा अतिवापर का होतो याचे उत्तर येथे आहे. ऑगस्ट १९९२ मध्ये सरकारने स्फुरद व पालाशयुक्त खतांवरील किंमत नियंत्रण उठविले, पण युरियावरचे ठेवले. २०१० साली अन्नद्रव्यांवर आधारित अनुदान आले, तेव्हाही युरिया त्याबाहेरच राहिला. स्वस्त माल हात सैल सोडून टाकला जातो. जादा नत्राने पीक हिरवेगार दिसते, शेतकरी खूश होतो. परंतु पीक लुसलुशीत होऊन कीड वाढते आणि ऊस लोळतो. त्यातही ओलावा नसलेल्या चुनखडीच्या जमिनीवर फेकलेल्या युरियातील बराच नत्र वायू होऊन उडून जातो, आणि पाणी तुंबेल इतके दिले तर उरलेला खाली झिरपतो. पैसा गेला आणि जमीनही खारावली.

एक एकर सुरू उसाचा हिशेब

सुरू उसासाठी कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ किलो स्फुरद व ११५ किलो पालाश अशी आहे. एकरी हिशेब १००, ४६ व ४६ किलो. (को ८६०३२ या वाणाला मात्रा पाव हिश्श्याने जास्त सांगितली जाते.) हे गोण्यांत मांडले तर एकराला डीएपीच्या २, युरियाच्या ४ आणि पोटॅशची दीड गोणी लागते. ती अशी द्यावी:

१) लागणीच्या वेळी: डीएपी १ गोणी, पोटॅश पाऊण गोणी.
२) ६ ते ८ आठवड्यांनी: युरिया २ गोण्या.
३) १२ ते १६ आठवड्यांनी: युरिया अर्धी गोणी.
४) मोठ्या बांधणीच्या वेळी: डीएपी १ गोणी, युरिया दीड गोणी, पोटॅश पाऊण गोणी.

डीएपी व युरियाचा खर्च रु. ३,७६६ झाला. पोटॅशचा भाव बदलतो, तो गोणीवर पाहून मिळवावा. आता हा आकडा दुकानातून घरी आलेल्या बिलाशी ताडून पाहा. कोणी सवयीने एकरी दोनाऐवजी चार गोण्या डीएपी टाकत असेल, तर दोन एकरांत रु. ५,४०० जास्तीचे गेले. १९७०-७१ साली महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ च्या कृषी गणनेत ती १.३४ हेक्टर राहिली. एवढ्याशा जमिनीत पाच हजार रुपये ही लहान रक्कम नव्हे.

रोग एक, औषध दुसरे

सल्ला चुकला की काय होते याचे एक उदाहरण घेऊ. चुनखडीच्या जमिनीत उसाची पाने पिवळी पडतात. शेतकरी दुकानात जाऊन "ऊस पिवळा पडलाय" एवढेच सांगतो आणि युरियाची गोणी घेऊन येतो. वास्तविक खालची जुनी पाने पिवळी पडली तर नत्राची कमतरता समजावी. पण वरची कोवळी पाने पिवळी पडून शिरा हिरव्या राहिल्या, तर ती लोहाची कमतरता, म्हणजे केवडा होय. तेथे युरिया कितीही टाका, उपयोग नाही. त्यासाठी हेक्टरी २५ किलो हिराकस शेणखतात मुरवून द्यावे लागते. जस्त कमी असेल तर २० किलो झिंक सल्फेट. कोणते पान पिवळे पडले आहे, एवढा एक प्रश्न विचारणारा माणूस बांधावर आला असता तर गोणीचे पैसे वाचले असते. विस्तारसेवेची किंमत ती हीच.

आधी माती, मग गोणी

वरील शिफारस सरसकट आहे. आपल्या शेताची गरज माती परीक्षणानेच कळते. साधारणपणे एखादे अन्नद्रव्य जमिनीत कमी असेल तर मात्रा पाव हिश्श्याने वाढवितात, भरपूर असेल तर पाव हिश्श्याने कमी करतात. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी केंद्र सरकारने मृद आरोग्य पत्रिका योजना सुरू केली. पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि अन्नद्रव्ये मिळून बारा बाबी असतात. परंतु या योजनेत बागायत भागात अडीच हेक्टरांमागे एक नमुना घेण्याची पद्धत होती. ज्याचे शेतच दीड एकर आहे त्याच्या पत्रिकेतली माती शेजाऱ्याच्या शेतातलीही असू शकते. म्हणून नमुना स्वतः काढावा.

पीक निघाल्यावर, खत टाकण्यापूर्वी, शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी 'व्ही' आकाराचा वीतभर खोल खड्डा घ्यावा. खड्ड्याच्या बाजूची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडावी. बांध, झाडाखालची जागा, उकिरडा व विहिरीजवळची जागा टाळावी. सर्व माती एकत्र करून चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकावेत, आणि अर्धा किलो उरेपर्यंत असे करीत जावे. माती सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरावी. खताच्या रिकाम्या गोणीत कधीही भरू नये. सोबत नाव, गट नंबर, मागील व पुढील पीक लिहावे. कृषी विद्यापीठ, कृषी खात्याची जिल्हा प्रयोगशाळा आणि बाभळेश्वरचे कृषी विज्ञान केंद्र ही तपासणीची ठिकाणे या भागाला जवळची आहेत. अहवाल घेऊन थांबू नये. तो कृषी सहायकाला (२०२५ पासून सहायक कृषी अधिकारी) दाखवून आपल्या पिकाचा गोण्यांतला हिशेब लिहून घ्यावा.

उसाचे पाचट जाळणे हीदेखील उधळपट्टीच होय. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघते. ते शेतातच कुजविले तर सेंद्रिय कर्ब वाढतो, आणि कर्ब असेल तरच दिलेले खत जमिनीत टिकते.

उधारीचे खत

हे सारे माहीत असूनही अनेकांचे पाऊल अडते ते पैशापाशी. उधारीवर खत घेणाऱ्याला निवड राहत नाही. जे मिळेल ते, ज्या भावाने मिळेल त्या भावाने घ्यावे लागते, आणि "युरिया हवा तर ही बाटलीही घ्या" असे लिंकिंगही सोसावे लागते.

पश्चिम केनियातील मक्याच्या छोट्या शेतकऱ्यांवर डुफ्लो, क्रेमर आणि रॉबिन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी केलेला अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. खताचा फायदा माहीत असूनही पेरणीच्या वेळी शेतकऱ्यांच्या हाती पैसे उरत नव्हते. पीक विकून पैसा हातात असतानाच पुढच्या हंगामाचे खत घेण्याची, आणि ते घरपोच मिळण्याची छोटीशी सवलत दिली, तेव्हा खत घेणाऱ्यांचे प्रमाण चांगले वाढले. आपल्याकडेही हा धडा लागू आहे. उसाचे बिल किंवा कांद्याची पट्टी हातात आली की, इतर खर्चाआधी खताची रक्कम बाजूला काढावी. चार-पाच भावकीच्या घरांनी मिळून रोखीने खरेदी केली तर लिंकिंगला नकार देण्याचे बळही येते.

दुकानदार बंधूंसाठी

या पानाच्या वाचकांत कृषी सेवा केंद्र चालविणारे आणि त्या धंद्यात उतरू पाहणारे तरुणही आहेत. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशानुसार साठा व भावाचा फलक लावणे, पावती देणे आणि छापील किमतीपेक्षा जास्त न घेणे बंधनकारक आहे. २०१८ पासून अनुदानित खताची विक्री पॉस मशिनवर होते. त्याची पावती गिऱ्हाइकाच्या हातात द्यावी. हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेने २००३ साली खास खते-औषधे विकणाऱ्यांसाठी 'देसी' हा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम सुरू केला. दुकान सांभाळून तो करता येतो. ज्या दुकानदाराने गिऱ्हाइकाला "आधी मातीचा अहवाल आणा" असे सांगितले, त्याची यंदा एखादी गोणी कमी खपेल. पण ज्याचे पीक चांगले आले तो शेतकरी उधारी वेळेवर फेडतो आणि पुढच्या वर्षी त्याच दुकानी येतो. खोटा सल्ला देऊन विकलेल्या मालाची उधारी मात्र वहीतच राहते.

शेतकरी बांधवांनी पुढच्या खरेदीपूर्वी तीन गोष्टी कराव्यात: मातीचा नमुना द्यावा, गोणीवरचे आकडे वाचून अन्नद्रव्याचा किलोचा भाव काढावा, आणि पावती घेऊन जपून ठेवावी. यासाठी कोणत्याही योजनेची वाट पाहावी लागत नाही. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक विनामूल्य आहे, आणि विद्यापीठ तर आपल्याच तालुक्यात आहे.